ठोकळे लावले

दादा गेला तो आवाज मी ऐकला होता. पण तेव्हा मला तो नुसता गाडीचा वाटला. मी मागच्या पडवीत करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. पुढच्या शेडमधून मोठ्याने ‘फुस्स’ झालं आणि थांबलं. ती गाडी रोजच तसा श्वास सोडायची, बारा वर्षं मी तो ऐकत होते, म्हणून उठले नाही. हातातली मूठ निवडून झाली, मग दुसरी मूठ घेतली... टोपलीत थोडीच करंदी राहिली होती तेव्हा शेजारचे बाळूकाका ओरडत आले, “अगो सुमन, गाडी खाली बसलीय! वसंता खाली हाय!”

वाडीतल्या आठ माणसांनी मिळून गाडी उचलली. अलिबागच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याचा श्वास चालू होता म्हणतात. मी बरोबर गेले नाही. माझे हात मासळीचे होते आणि मी ते धूत बसले होते, एवढंच मला आठवतं. वहिनी रेवदंड्याच्या बाजारात सुपारी विकायला बसते, तिला तिथूनच परस्पर दवाखान्यात नेलं.

याला आता सात आठवडे झाले. घरी येणारा प्रत्येक माणूस एकच बोलला. इतका जुना मेकॅनिक, मुंबईत मोठ्या गाड्यांवर हात बसलेला, आणि खाली ठोकळे न लावता गाडीखाली गेला. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनीही तेच विचारलं आणि कागदावर निष्काळजीपणा असं लिहून नेलं. मी दाराआड उभी होते. ठोकळे कुठे होते ते मला माहीत होतं, तरी मी बोलले नाही. दादाला लोक निष्काळजी म्हणत राहिले आणि मी ऐकत राहिले. ते मनातून काढायचं म्हणून ही वही घेऊन बसले आहे. वही गाडीचीच आहे, मागची पानं कोरी होती.

माझी शाळा चौथीपर्यंत. वाडीत चौथीपर्यंतच होती, पुढची दूर होती आणि आई आजारी. दादा सातवी झाला आणि मुंबईला गेला, एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाड्या धुण्यापासून सुरुवात करून इंजिन उघडण्यापर्यंत पोचला. वीस वर्षांनी परत आला तो ती काळी गाडी घेऊनच. गाडी त्याची नव्हती. मुंबईच्या एका शेठची होती, त्यांचा इकडे बंगला आहे. शेठनी नव्या गाड्या घेतल्या, पण ही पहिली मोठी गाडी त्यांना विकवेना. त्यांनी दादाला सांगितलं, तू गावाला चालला आहेस तर हिला घेऊन जा, मी आलो की हिच्यातूनच फिरेन. दादाने घरापुढे पत्र्याची शेड बांधली आणि गाडी आमच्याकडे राहायला आली. वहिनी म्हणायची, “माझी सवत आणली तुझ्या भावानं, आणि हिला तर रोज आंघोळ घालतो.” दादा हसायचा आणि गाडीवर आणखी एक फडका मारायचा.

वहीचं कारण असं झालं. मुंबईत गाडीची सगळी माहिती कॉम्प्युटर सांगायचा. इथे कॉम्प्युटर नव्हता आणि दादाचे हात सदा तेलाचे. तो गाडीखाली पडायचा आणि मी स्टुलावर वही घेऊन बसायची. खालून त्याचा आवाज यायचा, “बाय, लिही...” आणि मी लिहायची. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण ऐकून लिहायला येतं. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात गाडीची कुंडली आहे. इंजिन साडेतीन लिटर, सहा सिलिंडर, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. इंजिन ऑइल आठ लिटर. गिअर सात, आपोआप पडणारे. पेट्रोलची टाकी ऐंशी लिटर. बॅटऱ्या दोन, एक पुढे, एक डिकीत. वजन पावणेदोन टन. चाकांना स्प्रिंग नाही, चार हवेचे रबरी फुगे. हे शेवटचं लिहिताना मी विचारलं होतं, “दादा, येवढी गाडी फुग्यावर उभी?” तो खालून म्हणाला, “म्हणूनच पैसेवाल्यांना खड्डा कळत न्हाय.”

गाडी चांगली होती, पण ती थंड देशात जन्मलेली, आणि आमची हवा खारी. ब्रेकच्या तबकड्या आठ दिवस उभ्या राहिल्या की तांबड्या व्हायच्या. काचा वर करणारी मोटर दमायची, मग काच अर्ध्यावर अडकायची आणि दादा दोन्ही तळहातांनी ती वर ढकलायचा. इंजिनाच्या मागच्या बाजूने तेल पाझरायचं, ते गरम नळीवर पडून जळका वास यायचा. गिअरबॉक्सच्या जोडातून तेल वायरीवाटे वर चढायचं आणि कॉम्प्युटरच्या डबीत शिरायचं. तेल वर कसं चढतं ते मला अजून समजलेलं नाही, पण लिहिलेलं आहे. एकदा गाडीच्या आत पायाखालचं कापड ओलं झालं. दादा दोन दिवस शोधत होता. शेवटी पुढच्या काचेखालची जाळी काढली तर आत मूठभर सुरूच्या काड्या निघाल्या. समोरच्या सुरूच्या झाडांवरून उडून आलेल्या. पाणी जायचं भोक त्यांनी बुजवलं होतं. “बघ, जर्मनीत सुरू न्हाय ना,” दादा म्हणाला, “त्यांना काय ठावं.” तेव्हापासून दर शनिवारी ती जाळी साफ करायचं काम माझं झालं.

सगळ्यांत मोठं दुखणं फुग्यांचं होतं. रबर जुनं झालं की त्याला बारीक चिरा पडतात आणि हवा हळूहळू जाते. सकाळी बघावं तर गाडी एका कोपऱ्यावर बसलेली असायची, म्हातारी गाय बसते तशी. चालू केली की आतला पंप घरघरायचा आणि ती हळूहळू उठायची. पंप मिनिटाच्या वर चालला तर हवा कुठून तरी जाते असं समजायचं, फार चालला तर पंप जळतो, हेही वहीत आहे. हवा कुठून जाते ते बघायला मी रिठ्याचं पाणी फेसून द्यायची. साबण रबराला खातो, रिठा खात नाही, हे दादाने स्वतःच शोधलेलं. चिरेवर फेस लावला की बारीक बुडबुडे येत. आणि गाडी बंद असली तरी अधूनमधून आपली उंची आपणच सारखी करायची. तेव्हा तो फुस्स आवाज. पाहुणे दचकायचे, आम्ही नाही.

अशा गाडीखाली जाणं म्हणजे काय ते दादाला पुरतं माहीत होतं. मुंबईत त्याने एकाचा हात जाताना पाहिला होता. त्याने ऐनाच्या लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले होते, वीतभर उंचीचे, जड, मला एका वेळी एकच उचलवायचा. बटण दाबून गाडी वर घ्यायची, ठोकळे सरकवायचे आणि मगच खाली जायचं. त्यातही त्याची एक रीत होती. जमिनीवर पडल्यावर तो मला विचारायचा, “बाय, ठोकळं?” स्वतः लावलेले असले तरी विचारायचा. मी वाकून दोन्ही बाजू बघायची आणि म्हणायची, “हायत.” मग वहीत पहिली ओळ लिहायची. ठोकळे लावले. ती लिहिल्याशिवाय तो आत सरकायचा नाही. आज पानं चाळली तर प्रत्येक कामाच्या वर तीच ओळ आहे. अक्षर आधी मोठं आणि वाकडं, पुढे पुढे बारीक झालेलं.

आता ठोकळ्यांचं सांगते.

पावसाआधी आमच्याकडे भाताची कणगी जमिनीपासून उचलून ठेवतात, खालून ओल आणि वाळवी लागू नये म्हणून. आमची कणगी मागच्या खोलीत जांभ्या दगडाच्या चार चिऱ्यांवर असायची. यंदा त्यातले दोन चिरे न्हाणीच्या पायरीला लागले. मी नवे चिरे आणायला सांगणार होते, पण भात वाळून तयार झालं, ढग दिसायला लागले, आणि ठोकळे शेडमध्ये नुसते पडलेले. शेठ पाऊस संपेपर्यंत येणार नव्हते, महिनाभर दादा गाडीखाली गेलेला नव्हता. मी ठोकळे आणले, कणगीखाली सारले आणि सगळं भात वर भरलं. दोन दिवसांत चिरे येतील, मग काढू, असं मनात होतं. दादाला सांगायचं राहिलं. विसरले म्हणावं तर तसंही नाही... एवढ्याशा गोष्टीसाठी काय सांगायचं, असं वाटलं. वहिनीच्या दुखऱ्या गुडघ्यांमुळे मागची खोली माझ्याकडेच होती, तिच्याही नजरेला ते आलं नाही.

चौथ्या दिवशी शेठचा फोन आला. पाहुणे घेऊन येतोय, गाडी तयार ठेव. गाडी पुढून डावीकडे बसलेली होती. दादाने चहा घेतला आणि शेडमध्ये गेला. थोड्या वेळाने मागच्या दाराने आत आला, मागच्या खोलीत गेला. मला वाटलं पाणी प्यायला गेला असेल. बाहेर येऊन माझ्यापाशी उभा राहिला. “काय निवडतेस?” “करंदी.” “कालवण कर बाय, सुकी नको.” एवढंच. मग तो पुढे गेला. पंप घरघरला तो मी ऐकला, गाडी वर उठली तेही कळलं. “ठोकळं?” असं त्याने विचारलं नाही. नंतर समजलं की हवेची नळीच जोडातून निसटली होती. चिरेतून हवा गेली तर गाडी बसायला रात्र लागते, नळी सुटली तर क्षणही लागत नाही.

दहाव्याला कोऱ्या तांदळासाठी भात काढायला मी कणगीपाशी गेले. शेणाने सारवलेल्या कणगीच्या कडेवर, माझ्या कमरेइतक्या उंचीवर, एक काळा पंजा उमटलेला होता. पाची बोटं स्वच्छ. दादाने तिथे हात टेकला होता, वाकला होता आणि ठोकळे पाहिले होते. ते कुठे आहेत हे त्याला कळलं होतं. मी तशीच खाली बसले. त्या दिवशी वहिनीने दोनदा हाक मारली तेव्हा उठले.

त्यानंतर रोज त्या पंज्यासमोर वाकून मी भात काढत होते. रोज आम्ही तेच जेवत होतो. शेठनी माणसं पाठवून गाडी क्रेनवर चढवून नेली, शेडमध्ये फक्त तेलाचा डाग राहिला. तरी अकराच्या सुमाराला मला तो श्वास ऐकू यायचा. एकदा नाही, पुष्कळदा. मी हातातलं टाकून धावत पुढे जायची आणि रिकाम्या शेडमध्ये उभी राहायची. वहिनी एकदा म्हणाली, “काय बघतेस तिथं?” मी म्हटलं, “मांजर असंल.”

बाजारातून ती रोज काहीतरी ऐकून यायची. रेवदंड्याच्या नाक्यावर इक्बालभाईंचं गॅरेज आहे, ते दादाचे जुने दोस्त. ते आपल्या कामाच्या माणसांना सांगत होते, वसंतासारखा उस्ताद माणूसही आळसाने गेला, तुमची काय बात. एका दुपारी वहिनी टोपली ठेवून ओट्यावर बसली आणि म्हणाली, “आळशी! माझा नवरा आळशी! आख्ख्या आयुष्यात एक नट ढिला सोडला न्हाय त्यानं.” आणि रडली. ती रडली तेव्हा मला पुढे गप्प बसता आलं नाही. मी तिचा हात धरून तिला मागच्या खोलीत नेलं, दिवा लावला, पंजा दाखवला, खालचे ठोकळे दाखवले. ती बघत होती. मग तिने त्या पंज्यावर आपला हात हवेतच धरला, लावला नाही, पुसेल म्हणून असेल.

“कवा नेलेस?”

“चार दिस आधी.”

“आणि तेराव्याला लोक बोलत व्हती तवा तू कुठं व्हतीस?”

“दाराआड.”

ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. ताट पुढे सरकवायची, पण बोलायची नाही. मला ते बरोबरच वाटलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. नवव्या दिवशी सकाळी ती टोपली न घेता बाहेर पडली आणि दारातून म्हणाली, “नीट साडी नेस. नाक्यावर जायचंय. मी न्हाय बोलणार, तू बोलायचं.”

इक्बालभाईंच्या गॅरेजात चार माणसं काम करत होती, दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी साडीचा पदर बोटाला गुंडाळत राहिले. वहिनी मागे उभी होती, पुढे आली नाही. इक्बालभाई म्हणाले, “बोल सुमनताई, काय काम काढलंस?” मी खाली बघून म्हटलं, “दादा आळशी नव्हता. ठोकळे मी नेले व्हते. कणगीला. सांगितलं न्हाय त्याला.” एवढंच बोलायला मला किती वेळ लागला ते ठाऊक नाही. कुणीतरी चालू इंजिन बंद केलं.

इक्बालभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे ताई, तुझा काय दोष. तसं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “म्हंजे त्याला ठाऊक व्हतं ठोकळे कुठं हायत?”

“व्हय. बघून गेला.”

“आणि तू घरातच व्हतीस?”

“व्हय. त्याच्या समोर.”

“मग मागायचं ना त्यानं!” ते एकदम ओरडले, माझ्यावर नाही, जणू दादाच समोर उभा होता. “एक कणगी उतरवायला किती वेळ लागतो? हाक मारायची ना मला, मी आलो असतो ठोकळे घेऊन! या खुदा...” मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि कामाच्या माणसांकडे वळून शांतपणे म्हणाले, “ऐका रे. मी आळस म्हणत व्हतो ते माझं चुकलं. वसंता आळशी नव्हता. पण ठोकळा नसंल तर खाली जायचं न्हाय, ही चूक त्याची. आणि कुणाच्या कामाची चीज उचलली तर सांगायचं, ही चूक या बाईची. तिनं येऊन सांगितली. दोन्ही ध्यानात ठेवा.”

हे ऐकून मला बरं वाटलं असं नाही. पण जेवढं माझं होतं तेवढंच माझ्या वाट्याला आलं. कमी नाही, जास्त नाही.

परतताना रिक्षात वहिनी बाहेर बघत होती. चौलच्या बागा लागल्या तेव्हा म्हणाली, “खरंच का न्हाय मागितलं गं त्यानं?” मी म्हटलं, “मी करंदी निवडत व्हते. भात सगळं काढायला लागलं असतं.” ती म्हणाली, “तेवढ्यासाठी?” आणि मग, “सुमन, पंचवीस वर्षांत त्यानं मला कधी पाणी मागितलं न्हाय. ताप असला तरी उठून स्वतः घ्यायचा. मी बायांना सांगायची, असा नवरा मिळायला नशीब लागतं.” मलाही आठवायला लागलं. आईच्या आजारपणात मी शाळा सोडली तेव्हापासूनच असेल. दादा मला हातातलं काम कधी टाकायला लावायचा नाही. गाडीपाशी लिहायला बसायचं तेही मी आपण होऊन सुरू केलेलं, मी कामात असले तर त्याने कधी हाक मारली नाही, तो थांबायचा. त्या दिवशी शेठ येणार होते, थांबायला वेळ नव्हता. तो बघून गेला आणि त्याच्या मनात आलं असेल, एवढ्याशा गोष्टीसाठी काय सांगायचं... जे माझ्या मनात आलं तेच. आम्ही एकाच आईची मुलं.

घरी आल्यावर आम्ही जेवायला बसलो. बऱ्याच दिवसांनी समोरासमोर. वहिनीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, “सुमन, मीठ दे.” मिठाची बरणी तिच्याच गुडघ्याजवळ होती. मी बघत राहिले. “दे म्हणते ना. हात पुरतो माझा, तरी मागतेय. आता या घरात मागायचं.” मी उठून बरणी तिच्या हातात दिली. तिने चिमूटभर घेतलं आणि बरणी तिथेच ठेवली. म्हणाली, “आता तू माग.”

भात वाढलेला होता, आमटी होती, पाणी होतं. जन्मात मी कुणाकडे काही मागितलेलं नाही, काही लाजेने आणि काही सवयीने. ती जेवायची थांबली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ताटातल्या भाताकडे बघितलं. मी म्हटलं, “वहिनी, कणगी खाली करायला हात लाव. मला एकटीला व्हायचं न्हाय.”

तिने पाट मागे सारला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि सूप आणायला गेली.